मी ख्रिस्ती नाही, पण नाताळच्या काव्यवाचनाला चर्चमध्ये बोलावलंय. येशूवर माझी एकही कविता नाही. आठ दिवसांत एखादी लिहू का?

नका लिहू. पण जा मात्र नक्की.

मी वसईचा. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, नाताळच्या आधीच्या रविवारी काव्यवाचन असतं आणि कवींना बोलावण्याचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. पाहुणे कवी हाच प्रश्न विचारतात. घाईघाईत येशूवर लिहिलेली कविता लगेच ओळखू येते: तारा, मेंढपाळ, शांती, प्रेम. लोक आदरानं ऐकतात, पण ती कुणाच्या आत जात नाही.

तीन वर्षांपूर्वी शेजारच्या गावातून एक अंगणवाडी ताई आल्या होत्या. हिंदू, पहिल्यांदाच चर्चमध्ये आलेल्या. त्यांनी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेली कविता वाचली. आई भातलावणीला गेलेली, बांधावरच बाळंत झाली आणि शेजारणीनं स्वतःचं इरलं काढून बाळावर धरलं, एवढीच गोष्ट. ख्रिस्ताचं नाव कुठेही नव्हतं. बाजूला आमचा नाताळ गोठा तयार होता, पण गव्हाण रिकामी होती, कारण बाळ येशूची मूर्ती तिथं २४ तारखेच्या मध्यरात्रीच ठेवतात. कविता संपली तरी कुणी टाळी वाजवली नाही. पुढच्या बाकावर लाल लुगड्यातल्या एक आजी बसल्या होत्या, त्या उठल्या आणि ताईंचा हात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. मला तर वाटतं, त्या वर्षीचा नाताळ आमच्याकडे त्याच क्षणी आला.

तेव्हा आई, शेत, पाऊस, घर सोडून जावं लागलेली माणसं, यावर तुमचं जे खरं लिहिलेलं असेल ते न्या. ओवी किंवा अभंग असेल तर अगदी निर्धास्त वाचा. चर्चला तो परका नाही. फादर स्टीफन्स हे जन्मानं इंग्रज, पण गोव्यात राहून त्यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत रचली आणि ती १६१६ साली छापली गेली. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी तुकोबांचा अभंग सोडला नाही. त्यांची भजनं मराठी चर्चमध्ये आजही गातात.

बोलीत लिहीत असाल तर बोलीतच वाचा. आमच्याकडे कुणी कादोडीत सुरू केलं की मागच्या बाकांवरची कुजबुज आपोआप थांबते. ही बोली सामवेदी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण दोघांच्या घरात बोलतात, त्यामुळे त्या वेळी कोण कुठल्या धर्माचं हे कुणाच्या मनातही येत नाही.

आता वाचण्याविषयी. कार्यक्रम हॉलमध्ये असेल तर काही अडचण नाही. मुख्य चर्चमध्ये असेल तर आधी जाऊन माइकवर दोन ओळी म्हणून बघा. जुन्या उंच छताखाली आवाज घुमतो, पहिली ओळ परत येते ती दुसरीवर आदळते. ओळ संपली की मनात दोन आकडे मोजा, मग पुढची घ्या. उभं कुठं राहायचं ते फादरना विचारा, कारण बायबल वाचायची जागा बऱ्याच ठिकाणी वेगळी ठेवतात. गुडघे टेकणं, क्रुसाची खूण करणं याची तुमच्याकडून कुणी अपेक्षा करणार नाही. सगळे उभे राहिले की उभे राहा, बस्स. दोन छोट्या कविता पुरे, चार-पाच मिनिटांत आटपा.

वाचून लगेच निघू नका. नंतर फुगे (पिठाचे तळलेले गोळे), करंज्या, चहा असतो आणि खरं बोलणं तिथंच होतं. त्या आजींनी ताईंकडे ती पत्रिका मागितली होती. ताईंकडे तेवढीच एक प्रत, तरी त्यांनी देऊन टाकली. तुम्ही दोन प्रती घेऊन जा.