बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं चालू आहेत, घरी काय बघायचं?

प्रश्न : सिस्टर, माझ्या सासूबाई 64 वर्षांच्या, पूर्ण शाकाहारी. हिमोग्लोबिन 7.8 निघालं आणि व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्ह 110, दोन्ही कमीच. डॉक्टरांनी एक दिवसाआड इंजेक्शन लिहून दिलंय, पण नणंदबाई म्हणतात टोचून कशाला घेता, फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांनी पण रक्त वाढतं. काय करू? आणि घरी कशाकडे लक्ष ठेवू?

उत्तर : ताई, त्या गोळ्यांनी रक्त वाढतं हे खरंय, आणि घोळ तिथेच होतो. हिमोग्लोबिन वर येतं, रिपोर्ट बघून घरचे खूश, आणि आत बी-ट्वेल्व्हवाचून नसा खराब होतच राहतात. आमच्या वॉर्डात एक आजी आल्या होत्या, वर्षभर नुसत्या त्याच गोळ्या घेतलेल्या, चालताना पायातली चप्पल निसटून चार पावलं मागे राहायची आणि त्यांना पत्ताच नसायचा. रक्त छान होतं, पाय मात्र शेवटपर्यंत पूर्ण सुधारले नाहीत. मला अजून वाईट वाटतं.

फॉलिक अ‍ॅसिडला मी नावं ठेवत नाहीये हां, त्याचा शोध तर आपल्या मुंबईतून सुरू झाला, 1928 मध्ये लूसी विल्स नावाच्या डॉक्टर इथे आल्या आणि गिरणीकामगार बायकांमधला गरोदरपणातला अ‍ॅनिमिया यीस्टच्या अर्काने बरा होतो हे त्यांनी दाखवलं. पण सासूबाईंची कमतरता वेगळी आहे. डॉक्टरांनी दोन्ही दिलं तर दोन्ही द्या, इंजेक्शन सोडून नुसती गोळी नको.

इंजेक्शनचं औषध कोकम सरबतासारखं लाल दिसेल, घाबरू नका, तो त्याचाच रंग. उजेडाने खराब होतं म्हणून ब्राउन काचेत येतं, घरी आणून ठेवलं तर बॉक्समध्येच ठेवा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर टोचायच्या आधी सांगा. पहिल्या वेळी अर्धा तास दवाखान्यातच बसा, अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले किंवा दम लागला तर लगेच बोलायचं.

पहिल्या दोन-चार दिवसांत नवीन रक्त भराभर बनायला लागतं आणि त्यात पोटॅशियम कमी होऊ शकतं, त्यामुळे धडधड, पायात गोळे, अचानक गळून जाणं असं काही दिसलं तर थांबू नका, डॉक्टरांना फोन करा, लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर जास्तच लक्ष ठेवा. शुगरची मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू आहे का तेही सांगा, त्याने बी-ट्वेल्व्ह अंगी लागत नाही. आठवड्याभरात भूक लागेल, तरतरी येईल, आणि नेमकं तेव्हाच लोक इंजेक्शन बंद करतात! हिमोग्लोबिन भरायला साधारण दोन महिने, हातापायातल्या मुंग्या कमी व्हायला सहा महिनेही लागतात.

पाय बधिर असतील तर शेकायला गरम पाण्याची पिशवी देऊच नका, भाजलेलं त्यांना कळणार नाही. रोज रात्री तळपाय स्वतः बघा आणि बाथरूमचा लाइट चालू ठेवा.