काठ का फुटला?

प्रश्न : मुलीकडे इंग्लंडला गेले होते. सफोकमधल्या एका खेड्यात जुनं चर्च पाहिलं. आत शिरताच दाराजवळ आठ कोनांचं, कमरेच्याही वर येणारं दगडी कुंड होतं. पाटीवर त्याला 'फॉन्ट', म्हणजे बाळाच्या बाप्तिस्म्याचं कुंड, म्हटलं होतं. बाजूंवरच्या कोरीव माणसांचे चेहरे छिन्नीने उडवलेले. काठ मात्र समोरासमोर दोनच जागी फुटलेला आणि एकीकडे लोखंडाचा गंजका तुकडा अजून दगडातच. काठ कोणी आणि का फोडला असेल? आणि एवढ्याशा बाळाला एवढं मोठं कुंड कशाला?

उत्तर : चेहऱ्यांपाशी सगळेच थांबतात, तुम्ही काठ पाहिलात! मी पहिल्यांदा असं कुंड पाहिलं तेव्हा तासभर कोरीवकामाची रेखाटनं करत बसलो होतो. शेवटी बायकोने काठावरच्या खळग्यात बोट घालून विचारलं, "इथे काय होतं?" मला उत्तर देता आलं नाही.

तिथे कुलूप होतं. मध्ययुगात बाप्तिस्म्याचं पाणी ईस्टरच्या आदल्या रात्री मंत्रून कुंडात भरत आणि ते पुढे बरेच दिवस तसंच ठेवत. असं पाणी घरात असलेलं कोणाला नको? दुखण्यावर, गुराढोरांवर, करणीधरणीसाठी लोक ते चोरून नेत. म्हणून १२३६ साली कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी फर्मान काढलं, की कुंडांवर झाकण हवं आणि झाकणाला कुलूप हवं. मग काठात समोरासमोर भोकं पाडायची, त्यांत लोखंडी कडी बसवून भोवती वितळलेलं शिसं ओतायचं, झाकणावरून आडवी पट्टी टाकून तिला कुलूप लावायचं. सोळाव्या शतकात पोपशी फारकत घेणारी धर्मसुधारणा आली, पाणी साठवून ठेवण्याची पद्धत गेली आणि कड्या निरुपयोगी झाल्या. त्या उपटताना काठाचा टवका निघाला. जिथे उपटल्या नाहीत तिथे लोखंड गंजून फुगलं आणि त्याने दगड तडकवला. तुम्हाला दिसलेला तुकडा बहुधा अशाच कडीचा.

चेहऱ्यांची गोष्ट वेगळी, ती मुद्दाम केलेली तोडफोड. नॉरफोक आणि सफोकमध्ये पंधराव्या शतकातली 'सात संस्कारां'ची कुंडं आहेत, चाळीसच्या आसपास. सात बाजूंवर बाप्तिस्म्यापासून विवाहापर्यंत सात संस्कार, आठवीवर बहुतेकदा येशूचा बाप्तिस्मा किंवा क्रूसावरचा येशू. सुधारकांना त्यांतले दोनच संस्कार मान्य होते, त्यामुळे छिन्नी चालली. तुमच्याकडे फोटो असतील तर एखाद्या बाजूवर खाटेवर निजलेला माणूस दिसतो का बघा. दिसला तर तो मरणोन्मुख माणसाला तेल लावण्याचा संस्कार, आणि तुमचं कुंड त्या चाळीसांपैकी.

सगळंच मात्र फुटलं नाही. सफोकमधल्याच अफर्ड गावच्या कुंडावर लाकडी झाकण आहे, अठरा फूट उंच, एखाद्या शिखरासारखं, टोकावर पेलिकन पक्षी. १६४४ मध्ये विल्यम डाउझिंग हा मूर्तिभंजनासाठी नेमलेला माणूस तिथे आला. त्याने रोजनिशीत या झाकणाला पोपच्या तिहेरी मुकुटाची उपमा दिली. झाकण आजही जागेवर आहे. त्याचा हात का थांबला असेल, याचा मला अजून नीट उलगडा होत नाही.

आता आकार. बाळाच्या कपाळावर नुसतं पाणी लावत नसत, त्याला चक्क बुडवत. इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातही सूचना आहे, की बाळाला जपून पाण्यात बुडवावं; ते अशक्त आहे असं सांगितलं तरच नुसतं पाणी ओतावं. दाराजवळची जागा साधी समजण्यासारखी : बाप्तिस्मा म्हणजे चर्चमध्ये प्रवेश, म्हणून कुंडही प्रवेशापाशी.

'फॉन्ट'चं म्हणाल तर संगणकावरच्या अक्षरांशी त्याचा संबंध नाही. हा शब्द झऱ्यासाठीच्या लॅटिन शब्दावरून आला. अक्षरांचा फॉन्ट धातू ओतण्यावरून.

पुन्हा गेलात तर तिथल्या माणसांना विचारून झाकण उचलून घ्या आणि आत डोकवा. पाणी दगडात जिरू नये म्हणून आतून बहुधा शिशाचा पत्रा असतो आणि तळाला एक भोक. मंत्रलेलं पाणी गटारात जाऊ नये म्हणून ते थेट खालच्या मातीत सोडत. तिथे मात्र कुलूप नव्हतं.