एका दिवसात किती वायनरी पाहाव्यात?

प्रश्न : फेब्रुवारीत आम्ही चौघे नाशिकला जाणार आहोत. सामायिक गाडीने (इतर पर्यटकांबरोबर, चालकासह मिळणाऱ्या) एका दिवसात पाच वायनरी, म्हणजे वाइन बनवण्याचे कारखाने, पाहणे जमेल का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : वाइन चाखल्यावर कोणीही गाडी चालवू नये, म्हणून सामायिक गाडीचा आपला विचार योग्यच आहे, पाच वायनरी मात्र फार होतात. तीन पुरेत, आणि त्याही एकाच बाजूच्या निवडाव्यात. गंगापूर धरणाच्या परिसरात सुला, यॉर्क आणि सोमा एकमेकींच्या जवळ आहेत. इगतपुरी आणि दिंडोरीकडच्या वायनरी वेगवेगळ्या दिशांना असल्याने त्याही त्याच दिवशी जोडल्यास बराचसा वेळ रस्त्यावरच जातो. जानेवारी ते मार्च हा द्राक्षतोडणीचा हंगाम असल्यामुळे आपण निवडलेला महिना उत्तम आहे. विजापूरकडची बेदाण्याची बिनबियांची द्राक्षे आपल्या भागात सर्वांच्या परिचयाची आहेत. त्यांच्याहून वेगळा असा वाइनच्या द्राक्षाचा बारीक, जाड सालीचा आणि बियांचा मणी तिथे अवश्य हातात घेऊन पाहावा. चाखण्यापूर्वी पोटभर जेवावे. पांढरी वाइन आधी, तांबडी नंतर घ्यावी, आणि घोट थुंकण्यासाठी ठेवलेले भांडे वापरण्यास संकोचू नये. चाखण्याचे शुल्क भाड्यातच धरले आहे का आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता निघते, हे आरक्षणाच्या वेळीच विचारून घ्यावे.