‘गल्ला’ आणि ‘गल्लाभरू’

प्रश्न असा आला आहे : मनोरंजनाच्या पानावर ‘चित्रपटाने पहिल्याच आठवड्यात इतक्या कोटींचा गल्ला जमवला’ असं कौतुकानं छापतात आणि शेजारच्या रकान्यात त्याच चित्रपटाला ‘निव्वळ गल्लाभरू’ म्हणून नाक मुरडतात. मग गल्ला ही शाबासकी की शिवी?

सकाळच्या चहाबरोबर हेच पान आधी उघडणाऱ्या माझ्यासारख्याला प्रश्न जिव्हाळ्याचा वाटला. या पानावर कोणी साधी कमाई करतच नाही. कोटींची उड्डाणं होतात, बॉक्स ऑफिसवर धुमाकूळ घातला जातो, आणि एवढा धुरळा बसला की गल्ला जमतो.

शब्द मूळ अरबी, आपल्याकडे फारसीतून आला. अर्थ पीक, धान्य. जुन्या मराठी कागदपत्रांत गल्ला म्हणजे धान्यच. पुढे तो विक्रीच्या पैशावर आणि पैसे ठेवायच्या जागेवर सरकला. आज गल्ला म्हटलं की किराणा दुकानातला लाकडी खण आठवतो : नाण्यांसाठी खोलगट वाट्या, नोटांचे कप्पे, आतल्या कोपऱ्यात कुठल्याशा देवाचा फोटो, आणि मागे गादीवर मालक. ‘गल्ल्यावर कोण बसणार?’ यावरून भावाभावांत अबोले धरले गेले आहेत.

चित्रपटाच्या गल्ल्यावर निर्माता कधीच बसत नाही, ही खरी गंमत. तिकिटातून आधी जीएसटी जातो, मग थिएटरवाला आपला वाटा कापून घेतो, वितरकाचंही काही असतंच. उरतं ते निर्मात्याचं. बातमीत मात्र बहुतेक वेळा वजावटीआधीचा, म्हणजे सगळ्यात गुबगुबीत आकडा येतो. दुकानदाराला दिवसाच्या विक्रीवरून कोणी श्रीमंत ठरवत नाही, निर्मात्याला ठरवतात.

आता ‘गल्लाभरू’. इथे शिवी गल्ल्यात नाही, ‘भरू’त आहे. नामाला क्रियापद चिकटवून शेवटी ‘ऊ’ लावला की मराठीत सहसा माणसाचं वाईटच निघतं : पोटभरू, वेळकाढू, लाचखाऊ. (‘मनमिळाऊ’ तेवढा या टोळक्यात चुकून शिरलेला सज्जन.) पोटभरू माणसाचं पोट भरलेलं असेलच असं नाही, त्याला दुसरं काही सुचत नाही, एवढाच आरोप असतो. गल्लाभरूचंही तेच. म्हणून ‘गल्लाभरू चित्रपट साफ आपटला’ या वाक्यात काहीही विसंगती नाही. गल्ला जमवणं ही घडलेली गोष्ट, गल्लाभरू हा हेतूवरचा ठपका. २०१६ साली ‘सैराट’नं शंभर कोटींचा पल्ला गाठल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा गल्ला हा शब्द सगळीकडे होता, पण त्याला गल्लाभरू म्हणावंसं फारसं कोणाला वाटलं नाही.

पैसा कुठे जातो यावरही शब्द बदलतो. ८ जुलै १९२१ला मुंबईत बालीवाला थिएटरात बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग केला. तिकिटं भलतीच महाग होती, तरी त्या रकमेला कोणी गल्ला म्हणणार नाही. ती टिळक स्वराज्य फंडासाठी होती, म्हणून तो निधी. समजा तोच प्रयोग, तीच गर्दी, पण पैसे कंपनीच्या पेटीत गेले असते, तर आजच्या पानावर ‘बक्कळ गल्ला’ असा मथळा नक्की आला असता.

‘बॉक्स ऑफिस’ला मराठी काय, असंही विचारलंय. तिकीटबारी. चांगला, रुळलेला शब्द आहे. बारी म्हणजे खिडकी. शिवाय पंढरपूरच्या दर्शनबारीमुळे रांगेची सयही त्यात आपोआप येते. तमाशातली संगीत बारी मात्र वेगळी, तिची इथे गल्लत नको. मोबाइलवर तिकीट काढणाऱ्याला ना बारी दिसते ना रांग, तरी ‘तिकीटबारीवर आपटला’ हे वाचताना आवाज ऐकू येतो, तो ‘बॉक्स ऑफिसवर फ्लॉप’मध्ये येत नाही.

जाता जाता बातमीदारांना एक फुकटची सूचना. पहिल्या दिवसाच्या ‘ओपनिंग’साठी दुकानदारांकडे अस्सल शब्द पडून आहे, भवानी. ‘शुक्रवारी भवानी बरी झाली, सोमवारी गिऱ्हाईक फिरकलं नाही’ असं छापलं, तर निम्म्या चित्रपटांची बातमी एका ओळीत उरकेल.