चूक माझी की कम्पायलरची?

"चूक कम्पायलरची आहे असं वाटतंय. पण टेस्ट केस करण्यात आठवडा घालवला आणि शेवटी चूक माझीच निघाली तर?"

पुण्यातल्या एका तरुण प्रोग्रॅमरचा हा प्रश्न. कम्पायलर म्हणजे आपला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, आणि टेस्ट केस म्हणजे त्याची चूक त्याच्या कर्त्यांना दाखवणारा छोटा कोड. मीटरच्या नोंदी वाचणारा या तरुणाचा सी प्रोग्रॅम जीसीसी या कम्पायलरच्या ओ-झिरोवर (कोड वेगवान करणारं ऑप्टिमायझेशन बंद) नीट चालायचा, ओ-टूवर (ते चालू) बेरजा चुकवायचा. टीममधले ज्येष्ठ हसतील म्हणून त्यानं चार दिवस कुणाला काही सांगितलं नव्हतं.

ही भीती अगदीच उगाच नाही. ऑप्टिमायझेशन वाढवल्यावर बिघडणाऱ्या कोडमध्ये बहुतेक वेळा दोष कोडचाच असतो. पण ते तपासायला आठवडा लागत नाही. त्याला आधी एका तासाचं काम दिलं: सगळ्या वॉर्निंग चालू करून कम्पाइल करायचं, अंडिफाइन्ड बिहेवियर सॅनिटायझर (भाषेनं अर्थच न ठरवलेली कृत्यं चालताना पकडणारी तपासणी) लावून चालवायचं, मग स्ट्रिक्ट अलायसिंग (एकच जागा दोन वेगळ्या प्रकारांनी वाचली जाणार नाही हे कम्पायलरचं गृहीतक) बंद करून आणि रॅप-व्ही फ्लॅग (पूर्णांक मर्यादेबाहेर गेला तर तो दुसऱ्या टोकापासून सुरू होतो असं मानायला लावणारी सूचना) लावून पुन्हा पाहायचं. फ्लॅगनं उत्तर बदललं तर संशय आपल्या कोडवर.

सॅनिटायझरनं काहीच दाखवलं नाही. अलायसिंग बंद करताच मात्र चार चुकीच्या बेरजांपैकी तीन सुधारल्या. फ्लोटचे बिट्स इंटच्या पॉइंटरमधून, म्हणजे दशांश आकड्याची जागा पूर्णांक समजून, वाचले होते. हा सॅनिटायझर अलायसिंगच्या नियमाचा तो भंग पकडत नाही, म्हणूनच फ्लॅगचा प्रयोग वेगळा करावा लागतो. तिथे बिट्स जसेच्या तसे उतरवणारी मेमकॉपी आली, तीन बेरजा सुटल्या. त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे माझीच चूक." तीन ठिकाणी, हो. चौथी बेरीज अजून चुकतच होती, आणि तिच्यावर कुठल्याच फ्लॅगचा परिणाम नव्हता.

प्रकल्पात 64 फाइली; चौथी चूक त्यातल्या कुठल्या फाइलीतून येते ते शोधायचं होतं. अर्ध्या ओ-झिरोवर, अर्ध्या ओ-टूवर कम्पाइल करून लिंक करायच्या, चूक ज्या अर्ध्यात राहील तो पुन्हा अर्धा करायचा. सहा फेऱ्यांत एक फाइल हाती येते. सेव्ह-टेम्प्स फ्लॅगनं तिची प्रीप्रोसेस केलेली (तिनं मागवलेल्या बाकी फाइली आत घेऊन एकसंध केलेली) प्रत मिळाली, सुमारे 11,000 ओळींची. संशयित फंक्शनला आठ ठरलेले आकडे देणारं छोटं मेन (प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ते फंक्शन) त्यानं तिला जोडलं. पुढची छाटणी हातानं करायची नसते. ती सी-रिड्यूस हे कोड आपोआप छाटणारं साधन करतं. आपण फक्त "हवं ते अजून दिसतंय का?" हे सांगणारी स्क्रिप्ट लिहायची.

खरे कष्ट या स्क्रिप्टचे. त्याच्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये एकच अट होती: ओ-झिरो आणि ओ-टूची उत्तरं वेगळी यावीत. सकाळी सहा ओळी उरल्या, त्यात एका व्हेरिएबलला किंमतच दिलेली नव्हती! छाटणीच्या साधनाला फक्त फरक टिकवायचा असतो, आणि कोड बिघडवला की फरक आयता मिळतो. जीसीसीच्या कर्त्यांना तेवढं पाठवलं असतं तर बगची तक्रार लगेच अवैध ठरली असती. दुसऱ्या रात्रीच्या अटी कडक होत्या. किंमत न दिलेलं व्हेरिएबल किंवा राहिलेला रिटर्न दिसला की नापास. सॅनिटायझरखाली स्वच्छ चाललं पाहिजे, क्लँग या दुसऱ्या कम्पायलरच्या ओ-टूचं उत्तर जीसीसीच्या ओ-झिरोशी जुळलं पाहिजे, आणि प्रत्येक धाव दहा सेकंदांत संपली पाहिजे, कारण छाटताना अनंत लूप तयार होतात. कम्पायलर स्वतःच कोसळत असता तर त्याचा नेमका संदेश शोधण्याची अट घालावी लागली असती, नाहीतर छाटता छाटता भलताच बग हाती लागतो.

सकाळी 27 ओळी उरल्या होत्या.

कंपनीचा कोड बाहेर जाईल ही त्याची दुसरी काळजी, आणि ती रास्त होती, कारण जीसीसीचं बगझिला, म्हणजे तक्रारी नोंदवायची जागा, सर्वांना खुलं आहे. प्रीप्रोसेस करताना कॉमेंट जातात, पण फाइलींचे पत्ते आणि स्ट्रिंग राहतात. पत्ते प्रीप्रोसेसरच्या पी फ्लॅगनं जातात. स्ट्रिंग आणि नावं डोळ्यांनी तपासायची, आणि तरीही साहेबांची परवानगी घ्यायची. त्यानं ती घेतली.

पाठवण्याआधी जीसीसीच्या नव्या आवृत्तीवर 27 ओळी चालवल्या. उत्तर बरोबर आलं. दोष तिथे आधीच दुरुस्त झालेला होता. तसं नसतं तर आवृत्ती, टार्गेट (कुठल्या यंत्रासाठी कम्पाइल केलं ते), पूर्ण कमांड, प्रीप्रोसेस केलेली फाइल, अपेक्षित आणि आलेलं उत्तर, एवढं पाठवणं पुरेसं होतं. कम्पायलर कोसळल्याची तक्रार असेल तर न छाटलेली फाइलही चालते. चुकीच्या उत्तराच्या तक्रारीत मात्र छाटणी खूप कामाची, कारण वाचणाऱ्याला आपला प्रोग्रॅम ठाऊक नसतो.

त्या 27 ओळी आता त्याच्या प्रकल्पाच्या चाचण्यांत आहेत. कम्पायलर बदलला की त्या आधी चालतात. टीमच्या बैठकीत त्यानं तीन स्वतःच्या चुका आणि चौथी कम्पायलरची, या क्रमानं मांडली. कुणी हसलं नाही; एका ज्येष्ठानं ती स्क्रिप्ट मागून घेतली.