क्वांटम सर्किट दोन यंत्रांवर वाटताना
क्युबिट (क्वांटम संगणकाचे बिट) किती हे नंतर बघ, आधी दोन यंत्रांमधली सीमा ओलांडणारी गेट्स (क्युबिटांवरच्या क्रिया) मोज. पलीकडच्या क्युबिटवर एक सीनॉट (एक क्युबिट, म्हणजे कंट्रोल, १ असेल तर दुसरं उलटवणारं गेट) चालवायला एक एन्टँगल्ड जोडी (दोन यंत्रांत एकेक ठेवलेले, एकमेकांत गुंतलेले दोन क्युबिट) आणि दोन्ही दिशांना एकेक साधा बिट पुरतो. तेच क्युबिट टेलिपोर्ट करून (म्हणजे जोडी वापरून त्याची अवस्था पलीकडे पाठवून) परत आणलंस तर दोन जोड्या जातात. खरी बचत पुढे आहे. एकाच कंट्रोलवरून ओळीने पाच सीनॉट पलीकडच्या यंत्रावर जात असतील आणि मध्ये त्या कंट्रोलवर हॅडामार्डसारखं (० आणि १ चं मिश्रण करणारं) गेट नसेल, तर पाचही एकाच जोडीत भागतात! म्हणून गेट्सचा क्रम हलवून बघ, मगच वाटणी ठरव. स्वॅपला (दोन क्युबिटांच्या अदलाबदलीला) मात्र दोन जोड्या लागतातच, तिथे डोकं शिणवू नकोस. आणि हा सगळा हिशोब निर्दोष जोड्यांचा; फायबरमधून येणाऱ्या जोड्यांत गोंगाट असतो, शुद्धीकरणात एक चांगली मिळवायला किमान दोन खर्ची पडतात.