बारा जण एकदम परत आले तेव्हा

प्रश्न : ‘ब्लॅकेस्ट नाइट’ या सुपरहिरो कॉमिक मालिकेचे आठही अंक एका बैठकीत वाचले. सुरुवातीला अंगावर काटा येत होता, शेवटी काहीच वाटेना. मेलेली पात्रं परत येणारच असतील, तर त्यांच्यासाठी रडायचं कशाला? शेवटच्या लढाईत कोण कुणाशी लढतंय तेही कळलं नाही. चित्रांचं मात्र सगळेच कौतुक करतात. माझ्या वाचण्यात काही राहून जातंय का?

उत्तर : तुमचं काही राहून गेलेलं नाही. तुम्हाला जिथे थंड वाटलं, तिथे कथाच थंड झाली आहे. पण पहिल्या पाच अंकांवर माझा फार जीव आहे, त्यामुळे आधी त्यांच्याबद्दल बोलू द्या.

अमेरिकन कॉमिक्स प्रकाशक डीसीने जुलै २००९ मध्ये ही मालिका आणली, तेव्हा सुपरहिरोंचं मरण कुणी मनावर घेत नव्हतं. सुपरमॅन १९९२ मध्ये गेला आणि पुढच्याच वर्षी परतला. ग्रीन अ‍ॅरो १९९५ मध्ये गेला, तोही आला. १९८५ मध्ये गेलेला बॅरी अ‍ॅलन, म्हणजे फ्लॅश, २००८ मध्ये परत धावू लागला. लेखक जेफ जॉन्स यांनी हे दुखणं झाकलं नाही, त्यावरच कथा उभी केली. पाचव्या अंकात मृत्यूचा स्वामी नेक्रॉन या सगळ्यांचा हिशोब मागतो. तुम्ही परत आलात ते मी येऊ दिलं म्हणून, असं त्याचं म्हणणं. आणि एरवी मेलेल्यांना उठवणाऱ्या काळ्या अंगठ्या जिवंत सुपरमॅन, वंडर वुमन, ग्रीन अ‍ॅरो यांच्या बोटांत शिरतात. हॅल जॉर्डन, म्हणजे ग्रीन लँटर्न, आणि बॅरीही एकेकाळी मेलेलेच, म्हणून त्यांच्याही मागे लागतात. बॅरी हॅलला घेऊन काळात दोन सेकंद पुढे धावतो, तेव्हा कुठे ते सुटतात. परत येण्याची किंमत असते हे इतक्या थेटपणे सांगणारी दुसरी सुपरहिरो कथा मी तरी वाचलेली नाही.

आणि मग आठवा अंक. पांढरा प्रकाश पडतो आणि बारा जण एकदम जिवंत होतात. अ‍ॅक्वामॅन, मार्शियन मॅनहंटर, हॉकमन, हॉकगर्ल आणि आणखी आठ. पहिल्या अंकाच्या शेवटी राल्फ आणि स्यू डिब्नी हे एकेकाळचं प्रेमळ जोडपं प्रेतं होऊन येतं आणि हॉकमन-हॉकगर्लना ठार करतं, ते पान आठवा. त्या पानाची भीती इथे पुसली जाते. राल्फ आणि स्यू मात्र परत येत नाहीत. डेडमॅनलाही जिवंत केलंय! भूत असणं हीच ज्याची ओळख, त्याला श्वास देऊन त्याचं काय भलं झालं? पुढच्या मालिकेत या बाराजणांना कामं नेमून दिली आहेत, पण तुमचा प्रश्न या अंकाबद्दलचा आहे आणि तो रास्त आहे.

लढाईचं म्हणाल, तर छोट्या लढाया उत्तम आहेत. तिसऱ्या अंकात मेलेला रॉनी रेमंड फायरस्टॉर्म होऊन येतो, त्याच्यानंतर फायरस्टॉर्म झालेल्या जेसनला स्वतःत ओढून घेतो आणि पदार्थ बदलण्याच्या त्याच शक्तीने जेसनच्या प्रेयसीचं मीठ करतो. जेसन आतून हे सगळं पाहत राहतो. ते वाचून मी अंक मिटून ठेवला होता. मेराला रागाची लाल अंगठी मिळते तेही पटतं, कारण नवऱ्याचं, म्हणजे अ‍ॅक्वामॅनचं, प्रेत तिच्यावर चालून आलेलं असतं. पण कोस्ट सिटीत सात भावनांच्या सात रंगी अंगठ्या घातलेल्या फौजा आणि काळी प्रेतं एकत्र आली की प्रत्येक पान म्हणजे नुसती गर्दी. सुपरमॅनच्या मृत्यूची कथा एकदा काढून बघा. शेवटाकडे येताना एका अंकात पानाला चार चौकटी, पुढच्यात तीन, मग दोन आणि अखेरच्या, म्हणजे ‘सुपरमॅन’च्या ७५व्या, अंकात दर पानाला एकच चित्र. मार किती जवळ येतोय हे पान उलटतानाच कळतं. कोस्ट सिटीच्या लढाईला असा चढ नाही.

चित्रांचं कौतुक खरंच आहे. आयव्हन रीस यांची प्रेतं बघा : ताणलेली कातडी, उघडे दात, आणि तरी चेहरा ओळखू येतो, म्हणून जास्त भीती वाटते. ॲलेक्स सिंक्लेअर यांच्या रंगकामासाठी तर ती पानं पुन्हा उघडावीत. प्रेतांच्या नजरेतून जग राखाडी दिसतं आणि जिवंत माणसांभोवती भावनांचे रंग पेटलेले असतात. राग लाल, आशा निळी, करुणा जांभळट. शब्दांशिवाय कळतं की प्रेत आता कुणाचं काळीज उपटणार. शेवटच्या दोन अंकांत मात्र कोपऱ्यातल्या आकृतीलाही मधल्याइतकंच बारीक काम दिलंय. त्यामुळे डोळा कुठेच टेकत नाही.

प्रश्न : मग परत आणलेलं पात्र जमलं, असं एक तरी उदाहरण सांगा.

उत्तर : बकी, कॅप्टन अमेरिकाचा तरुण साथीदार. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तो मेला, असं मार्व्हलने १९६४ मध्ये सांगितलं आणि चाळीस वर्षं ते पाळलं. २००५ मध्ये एड ब्रुबेकर आणि चित्रकार स्टीव्ह एप्टिंग यांनी ‘कॅप्टन अमेरिका’मध्ये त्याला आणलं ते सोव्हिएत मारेकरी म्हणून, धातूचा हात घेऊन. कॅप्टन त्याची स्मृती परत मिळवून देतो आणि तिच्यासोबत बकीला आपण मारलेला प्रत्येक माणूस आठवतो. पहिले चौदा अंक सलग वाचा. मध्ये थांबू नका, कारण उलगडा अगदी शेवटी आहे.